बॉटचा पासवर्ड कुठे लिहायचा?

माणूस आपला पासवर्ड डोक्यात ठेवू शकतो. रात्रंदिवस एकट्याने चालणाऱ्या चॅट बॉटला मात्र तो आधीच कुठेतरी लिहून द्यावा लागतो, आणि तोही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्रावर. ही लिहिण्याची जागा काळानुसार बदलत गेली. प्रत्येक बदलामागे एक खरा धोका होता.

फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये आयआरसी ही गप्पांची व्यवस्था उभी केली. तिच्या ईएफनेट या जुन्या जाळ्यावर चॅनेल कोणाच्या नावावर नोंदवण्याची सोयच नव्हती. ज्याच्या हाती ऑपरेटरचा हक्क, त्याचे चॅनेल. सगळे ऑपरेटर बाहेर पडले की ते बेवारस. त्यामुळे चॅनेल बळकावण्याच्या लढाया सतत चालत. अशाच एका चॅनेलच्या राखणीसाठी रोबी पॉइंटर यांनी १९९३ मध्ये एगड्रॉप हा बॉट लिहिला. तो आजही वापरात आहे.

राखणदाराने चोवीस तास जागे राहायला हवे. घरच्या टेलिफोन-मोडेमवर ते शक्य नव्हते, म्हणून लोक विद्यापीठाच्या किंवा भाड्याच्या युनिक्स सर्व्हरवर शेल खाते घेत आणि बॉट तिथे चालवत. अशा एका यंत्रावर अनेक अनोळखी बिऱ्हाडे असत, आणि पहिला धोका याच शेजाऱ्यांचा होता. प्रोग्रॅम सुरू करताना पासवर्ड आज्ञेतच टाइप केला, तर चालू प्रोग्रॅमच्या यादीत तो कोणालाही वाचता येई. म्हणून पासवर्ड फाइलीत गेले आणि फाइलीची परवानगी ६०० ठेवण्याची सवय लागली: वाचायचे मालकाने, लिहायचेही मालकानेच. एगड्रॉपच्या नमुना कॉन्फिग फाइलीत तर बॉटला तिथल्या तिथे बंद पाडणारी एक ओळ मुद्दाम घातलेली असते. फाइल नीट न वाचता कोणी बॉट सुरू करू नये, हा त्यामागचा हेतू. ही काळजी अनाठायी नव्हती. नवा एगड्रॉप पहिल्यांदा चालू केला की त्याला खासगीत 'हॅलो' म्हणणारा पहिला माणूस त्याचा मालक ठरे. स्वतःचा पासवर्ड ठरवायला उशीर करणे कोणाला परवडणारे नव्हते!

२०११ मध्ये चित्र पालटले. कोड ठेवण्या-वाटण्याचे संकेतस्थळ असलेल्या गिटहबने आपला कार्यालयीन बॉट हुबॉट सर्वांसाठी खुला केला, आणि पुष्कळांनी तो हेरोकू या ॲप चालवून देणाऱ्या सेवेवर चढवला. हेरोकूवर फाइलीत काही जपून ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण ॲप पुन्हा सुरू झाले की मधल्या काळात लिहिलेल्या फाइली पुसल्या जात. शिवाय हुबॉटचा कोड सगळ्यांनी पाहावा असाच होता. म्हणून कॅम्पफायर या चॅटचे टोकन, म्हणजे बॉटला पासवर्डऐवजी मिळणारी गुप्त अक्षरमाला, कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (ॲपला बाहेरून पुरवलेल्या मूल्यात) ठेवले जाई. हेरोकूच्या ॲडम विगिन्स यांनी त्याच सुमारास 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' या मांडणीत याला एक कसोटी दिली: या क्षणी सगळा कोड जगापुढे ठेवला, तर एखादे गुपित उघडे पडेल का? इतकी साधी आणि इतकी उपयोगी कसोटी या क्षेत्रात क्वचितच सापडते.

ती पाळली मात्र थोड्यांनीच. बॉट लिहिणारा बहुधा एकटा, हौसेने, सुट्टीच्या दिवशी बसलेला असतो. 'आधी चालू तर करू' म्हणून तो टोकन थेट कोडमध्ये चिकटवतो आणि कोड गिटहबवर टाकतो. एप्रिल २०१६ मध्ये डिटेक्टिफाय या स्वीडिश सुरक्षा कंपनीने तिथल्या सार्वजनिक कोडमधून स्लॅक या कार्यालयीन चॅटची दीड हजारांहून अधिक टोकन शोधून काढली. त्यांतली कित्येक बॉटसाठीच काढलेली होती आणि काही नामांकित कंपन्यांची होती. अशा टोकनने आतल्या गप्पा आणि फाइली वाचता येत. त्या गप्पांमध्ये पुन्हा डेटाबेसचे पासवर्ड सापडत. स्लॅकने ती टोकन रद्द केली.

रद्द करणे हाच खरा इलाज होता. गिटहबमागची गिट ही प्रणाली कोडची जुनी प्रत्येक आवृत्ती जपून ठेवते, त्यामुळे ओळ खोडून नवा बदल चढवला तरी टोकन इतिहासात शाबूत राहते. शेल खात्याच्या काळात फाइलीची परवानगी बदलली की शेजाऱ्याची नजर अडवता येई. इथे वाचणारे अख्खे जग होते. टेलिग्रामने २०१५ मध्ये बॉटसाठी दार उघडले, तेव्हापासून टोकन देणाऱ्या बॉटफादरकडेच जुने टोकन बाद करून नवे घेता येते. २०१८ पासून गिटहब सार्वजनिक कोडमध्ये अशी टोकन स्वतः हुडकून ती देणाऱ्या कंपन्यांना कळवू लागला.

पुढची पायरी टोकनचे आयुष्यच कमी करण्याची. स्लॅकने २०२१ मध्ये बारा तासांत संपणाऱ्या टोकनची सोय दिली. बॉटने रिफ्रेश टोकन दाखवून दर वेळी नवे मिळवायचे. ते रिफ्रेश टोकनही सर्व्हरवर जपून ठेवावे लागते, आणि प्रत्येक वापरानंतर ते बदलते. म्हणजे एकदा लिहून विसरायची सोय गेली: नवे टोकन दर वेळी नोंदवून ठेवायचे काम आता बॉटकडेच आले आहे.