वायसर

सायकलचा पंप रुसला की मूठ सुळकन खाली जाते, सुळकन वर येते, घाम आपल्याला फुटतो आणि टायर मात्र निवांत बसलेले असते. मग शेजारचे नाना खिडकीतून सांगतात, "अहो, वायसर गेला असेल!" पंपाच्या प्रकृतीविषयी आमच्या आळीत दुसरे निदान मी ऐकलेले नाही, आणि बहुतेक वेळा तेच खरे निघते.

वायसर म्हणजे दट्ट्याच्या टोकाची चामड्याची वाटी. दिसायला एवढीशी, पण घराणे मोठे! जर्मनीत माग्डेबुर्ग गावी ऑटो फॉन गेरिके नावाचे नगराध्यक्ष होते. (नळाला नुसती हवा आणणारे नगराध्यक्ष आपल्याकडेही झाले, यांनी हवा काढून दाखवली.) १६५० च्या सुमारास त्यांनी हवा उपसणारा पंप केला. १६५७ साली तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्हीकडे आठ-आठ घोडे जुंपले. घोडे मेटाकुटीला आले! पुस्तकांत चित्र छापतात ते घोड्यांचे. सांध्यात मेण आणि टर्पेंटाइन पाजलेले चामड्याचे कडे होते, त्याचे नाव कोणी घेत नाही.

पुढे १८८७ मध्ये बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला रबरी नळी गुंडाळली आणि फुटबॉलच्या पंपाने तीत हवा भरली. १८८८ चे त्यांचे पेटंट नंतर रद्द झाले, कारण टॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने ही कल्पना १८४५ सालीच नोंदवून ठेवली होती. असो. टायर कोणाचेही असो, फुगवायला पंप आलाच.

त्याची युक्ती मोठी मजेदार आहे. मूठ ओढली की वाटीच्या कडा मिटतात आणि बाजूने हवा खाली उतरते. मूठ दाबली की तीच हवा कडा फाकवून नळकांड्याला चिकटवते, म्हणजे आपली परतीची वाट आपणच बंद करते! चामडे वाळले की आकसते आणि हवा आल्या वाटेने पसार होते. खात्रीसाठी नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट धरून मूठ दाबावी. अंगठ्याला धक्का बसला तर पंप निर्दोष. मग चाकातली वॉलट्यूब पाहावी. नाहीतर टोपण फिरवून दांडा काढावा, वाटीच्या कडा हळूच फाकवाव्यात आणि एरंडेल चोळून रात्रभर ठेवावे. खोबरेल नको, पुण्याच्या थंडीत ते थिजते.

कोपऱ्यावरचा म्हातारा सायकलवाला जुन्या चपलेतून वायसर कापून देई आणि बजावी, "तेल पाजत जा साहेब, तहान लागते त्याला." आता दुकानात त्याचा मुलगा बसतो. परवा वायसर मागितला तर म्हणाला, "मिळत नाही काका. नवा पंपच घ्या." मी त्याच्या अंगठ्यावर आमच्या लोखंडी पंपाची नळी टेकवली आणि मूठ दाबली. अंगठा फटकन उडाला.

तो पंपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "विकणार का?"