डिस्को विटला, तोडी नाही

इलेक्ट्रॉनिक संगीत लवकर जुनं होतं, असं म्हणतात. यंत्र बदललं की त्याचा आवाजही शिळा वाटू लागतो. पण मुंबईतल्या एका रेकॉर्डचं वय उलटंच वाढलं.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी भैरवी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. साथीला वाद्यवृंद नाही, तर तीन जपानी यंत्रं. त्यातलं 'टीबी-३०३' हे गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून निघालेलं. ते बाजारात चाललं नाही. १९८४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. रेकॉर्डही विस्मरणात गेली.

पुढे शिकागोच्या तरुणांना हेच यंत्र जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं. १९८७ मध्ये फ्यूचर या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' आली आणि 'ॲसिड हाउस' जगभर गाजलं. २०१० मध्ये चरणजितजींची रेकॉर्ड नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. हा नाद तर पाच वर्षं आधी मुंबईत उमटला होता!

शिकागोनं तो मुंबईकडून घेतला, असा मात्र पुरावा नाही. दोघांच्या हाती यंत्र एकच होतं. ते एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतं; रागातल्या मींडेला ते मानवलं.

चरणजितजी २०१५ मध्ये गेले. त्याआधी युरोपातल्या श्रोत्यांसमोर वाजवून गेले. कवितेतही मी हेच पाहत आलो आहे. फॅशनचा शब्द दहा वर्षांत विटतो. लयीत मुरलेला टिकतो. डिस्को विटला, तोडी नाही.