गवत, लाकूड आणि पाणी : पोशेऱ्याच्या छपरावरचा साग कुठे गेला?

शाश्वत वास्तुकला हा शब्द सध्या फार चालतो. शहरातले वास्तुरचनाकार लाकूड आणि बांबूची सभागृहे बांधतात, त्यांचे रंगीत फोटो छापून येतात, आणि सिमेंटपेक्षा लाकूड पर्यावरणाला कसे बरे, हे आपल्याला समजावले जाते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मित्रांनो, हे लाकूड कोणाच्या जंगलातले आणि इमारत कोणासाठी, हा प्रश्न त्या पानांवर कुणी विचारत नाही. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावात, जिथे कुडाचे घर बांधायची कला पिढ्यान् पिढ्या लोकांच्या हातात आहे, तिथे अंगणवाडी आणि समाजमंदिर मात्र सिमेंटच्या स्लॅबचे किंवा पत्र्याचे. असे का, याचे उत्तर इतिहासात आहे.

सुरुवात विनयपिटकापासून करू. धनिय नावाचा एक भिक्खू होता, कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळ त्याने गवताची कुटी बांधली. गवत-काटक्या गोळा करणाऱ्यांनी ती तीनदा मोडून नेली. मग त्याने मातीची भाजलेली कुटी केली. ती भाजताना जीवजंतू मरतात म्हणून भगवंतांनी ती पाडायला लावली. शेवटी धनिय राजाच्या लाकूडकोठारात गेला आणि "राजाने दिले आहे" असे सांगून लाकूड घेऊन आला. बिंबिसाराने बोलावल्यावर त्याने आठवण करून दिली : राज्याभिषेकाच्या वेळी आपणच श्रमण-ब्राह्मणांना गवत, लाकूड आणि पाणी दिले होते. राजा म्हणाला, ते खरे, पण मी बोललो होतो ते अरण्यातल्या, कोणाच्या मालकीच्या नसलेल्या लाकडाबद्दल. त्याने धनियाला सोडून दिले. संघात मात्र या प्रसंगावरून चोरीविरुद्धचा कडक नियम झाला. धनिय चुकलाच. पण राजाचा खुलासा लक्षात ठेवा : अरण्यात कोणाच्याही मालकीचे नसलेले लाकूड असते, हे तेव्हा राजालाही मान्य होते.

बौद्ध वास्तुकलेचा जन्मच लाकडात झाला. कार्ल्याच्या चैत्यगृहात जाल तेव्हा मान वर करून पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दगडी छताला सागाच्या कमानी लावलेल्या आहेत आणि त्या आजही जागेवर आहेत. दगडाला त्यांची गरज नव्हती. कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडी चैत्य होता म्हणून त्या आल्या. तिथल्या एका शिलालेखात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचे, वेणुवासाच्या मुलाचे, नाव कोरलेले आहे. त्याने दरवाजा करून दिला. शेठजींच्या दानाशेजारी सुताराचे नाव. पुढे मनूच्या व्यवस्थेने हाताने काम करणाऱ्याला ज्या पायरीवर बसवले, ते पाहता हा लेख आपल्या प्रत्येक तरुणाने जाऊन पाहायला हवा.

मग ते बेवारस लाकूड कुठे गेले? रेल्वेच्या स्लीपरना आणि गोदीला साग हवा होता. १८६५ चा आणि त्याहून कडक १८७८ चा वन कायदा आला. जंगल 'राखीव' झाले, म्हणजे सरकारचे झाले. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने डोंगर आणि गायराने कशी गिळली ते लिहून ठेवले आहे. मोखाडा तेव्हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातला, शहापूर तालुक्याचा पेटा होता; शेजारचे जव्हार मुकणे घराण्याचे संस्थान. ठाणे-कुलाब्यात राबासाठी फांद्या तोडण्यावरून इतकी ओरड झाली की १८८५ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच्यापुढे बाजू मांडण्यात जमीनदार आणि शिकलेले वर्ग पुढे होते. कातकऱ्यांचे तर नावच खैराच्या कातावरून पडलेले. खैर राखीव झाला आणि नाव उरले, धंदा गेला.

आता एक वर्ष पाहा : १९२७. २० मार्चला बाबासाहेब चवदार तळ्यावर पाणी प्यायले. त्याच वर्षी सप्टेंबरात भारतीय वन कायदा लागू झाला, जो आजही चालू आहे. पाण्यावरचा पहारा जातीचा होता, लाकडावरचा सरकारचा. बिंबिसाराने मोकळ्या म्हटलेल्या तीन गोष्टींपैकी एकीसाठी आपण महाडला लढलो. दुसरीची लढाई आपण फक्त आदिवासींची समजलो, ही आपली चूक. महारवतनात आपल्या पूर्वजांनी गावाच्या सरणाला लाकडे पुरवली. स्वतःच्या छपराच्या वाशावर त्यांचा हक्क किती होता?

स्वातंत्र्यानंतर ठेकेदाराला हटवण्यासाठी १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. चांगले पाऊल होते. तरी कूप तोडणारा आदिवासी आणि लिलावात बोली लावणारा व्यापारी, ही वाटणी राहिलीच. मालकीच्या जमिनीतला साग आदिवासींकडून मातीमोल भावाने उचलला जाई, म्हणून १९६९ साली आदिवासी खातेदारांच्या झाडविक्रीवर वेगळा कायदा करावा लागला.

इथे कुणी म्हणेल, तुम्हाला लोकांना कुडाच्या झोपडीतच ठेवायचे आहे का? अजिबात नाही. पक्के घर ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे आणि ज्यांच्या छपरातून चार महिने पाणी गळाले, त्यांना मातीचे कौतुक सांगू नये. पण पक्के म्हणजे सिमेंटच, हे कोणी ठरवले? जोत्याला दगड, सागाचे किंवा ऐनाचे खांब, वर कौल, पावसाचा मारा अडवणारी खोल पागोळी, कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप. एवढ्यावर मेच्या उन्हातही मुले बसू शकतात. पत्र्याखाली बसून दाखवा! दुरुस्ती गावातला माणूस करतो, खांब कुजला तर तेवढा एक बदलतो. स्लॅब गळायला लागला की ग्रामपंचायत निधीची वाट पाहते. बांबू तीन ते पाच वर्षांत कापायला येतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवला की किडीपासून बराच टिकतो.

कायद्यात फट आहे, ती ओळखा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार शाळा, अंगणवाडी, समाजकेंद्र अशा शासकीय सोयींसाठी प्रत्येक वेळी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. त्यासाठी हेक्टरी ७५ पर्यंत झाडे तोडता येतात. अट एकच महत्त्वाची : ग्रामसभेची शिफारस. मात्र तोडलेले लाकूड त्याच इमारतीला लावायचा हक्क या कलमात लिहिलेला नाही. गौण वनोपजात बांबू आहे, इमारती लाकूड नाही. बांबूचासुद्धा हक्क कागदावरून हातात यायला गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला झगडावे लागले. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला तो एप्रिल २०११ मध्ये.

जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्र आहे, इथे पेसा लागू आहे. पुढच्या ग्रामसभेत अंगणवाडीचा विषय आला, तर जागेच्या ठरावात दोन ओळी जास्त घालायला सांगा : इमारत लाकूड-बांबूची असावी, आणि या जागेवर तोडलेली झाडे याच इमारतीच्या खांबांना, तुळयांना आणि वाशांना वापरावीत. खाते नाही म्हणेल. तो नकार लेखी मागून घ्या.