चर्चच्या खोलीतलं गाऱ्हाणं

आमच्या घरात दारूची गोष्ट नेहमी घाडीपासून, म्हणजे गावच्या मांत्रिकापासून, सुरू होई. आजी सांगायची, धाकट्या आजोबांनी ग्रामदैवत रवळनाथासमोर नारळ ठेवून दारू सोडली आणि तिसऱ्या रात्री ते भिंतीवरचे किडे झटकू लागले. भिंतीवर काहीच नव्हतं. घाडी आला, देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदार भुताची, बाधा सांगून गेला. राखण द्यायला कोंबडा आणि बाटली आणली. त्यातली निम्मी बाटली आजोबांच्याच पोटात गेली, आणि किडे गेले! देवचार पावला, म्हणून गावभर झालं.

रोज भरपूर पिणारा एकाएकी थांबला की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, झटकेही येतात. माणूस दगावू शकतो. घाडीला हे कुठून ठाऊक असणार?

आमचं गाव वैभववाडी, घाटाच्या पायथ्याशी. करूळचा घाट चढला की गगनबावडा, पुढे कोल्हापूर. पण आमच्या लोकांचं पोट मुंबईत. पणजोबा विजयदुर्गहून बोटीने गेले, आजोबा एसटीने. धाकटे आजोबा गिरणीत साचेवाले, राहायला परळला गावकऱ्यांच्या खोलीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दोन लाखांहून जास्त कामगार घरी बसले. धाकटे आजोबा गावी आले आणि त्याच पावसाळ्यात त्यांचा एकुलता मुलगा काविळीने गेला. "झील गेलो आणि हो मानुस पण गेलो," एवढंच आजी म्हणे. दारू आधीपासून होती. आता तिला कारण मिळालं. त्या मुलाचं नाव घरात पुन्हा कोणी घेतलं नाही. दुःख झाकलं की शमतं, अशी आमच्याकडे समजूत.

प्यायला ते मुंबईतच शिकले होते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईत चोरटे अड्डे फोफावले. त्यांतले कितीतरी गोव्याकडच्या ख्रिश्चन बायका चालवत, म्हणून 'आंटीचा अड्डा' हे नावच पडलं. पुढे हिंदी सिनेमाने त्या आंटीला अमर केलं. त्यामुळे आजोबांना दारूतून एका गोवेकर ख्रिश्चनाने काढलं, हे ऐकताना आमची मंडळी हमखास हसत.

तो त्यांचा गिरणीतला सोबती, धोबीतलावच्या एका कुडात राहणारा. कूड म्हणजे गोव्याच्या एकेका गावाची मुंबईतली खोली, आमच्या परळच्या खोलीसारखीच. फक्त तिथे संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. हा सोबती एके काळी स्वतः गटारात पडलेला. संपानंतर आजोबा हिशेबाच्या पैशांसाठी मुंबईत खेपा घालत होते, तेव्हा त्याने त्यांना गाठलं. आधी सरकारी इस्पितळात दाखल केलं आणि अंगातलं विष उतरल्यावर एका चर्चच्या आवारातल्या खोलीत नेलं. तिथे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची मीटिंग भरत असे.

ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात सुरू झाली. शेअरबाजारातला बिल विल्सन आणि सर्जन बॉब स्मिथ, दोघेही अट्टल पिणारे. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळींकडून त्यांनी चुकांची कबुली, केलेल्या नुकसानीची भरपाई आणि दुसऱ्या पडलेल्याला हात देणं उचललं. देव मात्र ज्याने-त्याने आपापला ठरवावा, एवढी मोकळीक ठेवली. मुंबईत हे १९५७ च्या सुमारास आलं. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरांनी व्यसनमुक्तीसाठी कृपा फाउंडेशन काढलं. फादर बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना त्यांनी योगासनांची जोड दिली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सोबत्याने नेलेल्या त्या खोलीतली अर्धी भाषा आजोबांना कळत नसे. पण म्हातारपणी मला सांगत, "थय माका कोणी शपत घालूक नाय." फक्त आजचा दिवस पिऊ नको, उद्याचं उद्या. देवळातली शपथ जन्माची होती, म्हणून ती एकदा मोडली की सगळंच मोडे, आणि वर देवाचा कोप. आमच्याकडे देवापुढचं गाऱ्हाणंही मानकरी घालतो, बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. इथे ज्याचं त्याने घालायचं. कितीतरी मीटिंगांनंतर एका संध्याकाळी आजोबा उभे राहिले आणि दारूबद्दल न बोलता मुलाबद्दल बोलले, नाव घेऊन. माझ्या मते सुटले ते त्या दिवशी. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही, कोणी घे म्हटलंही नाही. मरेपर्यंत रवळनाथाच्या जत्रेला जात, आणि गळ्यात सोबत्याने दिलेलं मेरीचं पदकही असे. यात विसंगती शोधणारे शोधोत. श्रद्धेने माणूस उठला, ती कुठल्या देवळातून आली याची चौकशी मला फिजूल वाटते.

घरात असा माणूस असेल तर त्याला शपथ घालू नका आणि दारू एकाएकी तोडायलाही लावू नका. आधी डॉक्टरकडे न्या. मग मीटिंगला पाठवा, जमलं तर दारापर्यंत सोबत जा. तिथे फी नाही, जात-धर्म विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अॅननच्या वेगळ्या बैठका असतात, त्यांना तुम्हीही जा.