एन्फील्ड काडतुसाचे वंगण आणि १८५७ : एका तांत्रिक प्रश्नाचा पुनर्विचार

प्रस्तावना

१८५७ च्या उठावाची चर्चा निघाली की काडतुसांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो आणि बहुधा एका वाक्यात आटोपतो. पाठ्यपुस्तकांतून गाईची व डुकराची चरबी लावलेली काडतुसे हे उठावाचे 'तात्कालिक कारण' म्हणून नोंदविले जाते; तर राजकीय व आर्थिक कारणांवर भर देणारे अभ्यासक काडतुसांना केवळ निमित्त मानून पुढे जातात. दोन्ही मांडणींत मूळ वस्तूचा विचार होत नाही. काडतुसाला वंगण लागतच का होते, ते कशाचे बनत असे, ते बनविताना कोणती दक्षता घेतली गेली आणि शिपायांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याजोगी माहिती सरकारपाशी होती काय, या प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

काळी दारू आणि वंगणाची गरज

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंदुकीसाठी वापरली जाणारी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण. इंग्लिश लष्करी दारूत त्यांचे प्रमाण सामान्यतः ७५ : १५ : १० असे असे. ही दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप होत नाही. तो घन अवशेषाच्या रूपाने उरतो. त्यातील काही भाग धुरावाटे बाहेर पडतो व उरलेला नळीच्या आतल्या बाजूस चिकटतो. हा थर कोरड्या हवेत कठीण होतो, दमट हवेत ओलावा शोषून घेतो आणि लोखंड गंजवतो. गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा बरीच लहान असल्याने हा थर काही काळ सहन होत असे. नेमाच्या दृष्टीने मात्र ती बंदूक शंभर यार्डांपलीकडे फारशी उपयोगाची नव्हती.

आटे पाडलेल्या नळीत गोळीने त्या आट्यांत घट्ट बसून फिरत बाहेर पडणे आवश्यक असते. ठासणीच्या बंदुकीत गोळी तोंडाकडून आत जाते. म्हणजे जी गोळी जाताना सैल हवी, तीच सुटताना घट्ट हवी. ही अडचण फ्रान्समध्ये क्लोद-एतिएन मिनिए याने १८४९ च्या सुमारास पुढे आणलेल्या, बुडाशी पोकळ असलेल्या लांबट गोळीने दूर झाली. मऊ शिशाची ही गोळी दारूच्या दाबाने बुडाशी फुगते आणि आट्यांत रुतते. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल याच तत्त्वावर उभी होती. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, तर प्रारंभीच्या गोळीचा ०.५६८ इंच होता. कागदाची गुंडाळी धरली तर दोहोंमध्ये अंतर असे जवळजवळ उरतच नाही. नळीत अवशेषाचा थर साचला की पुढची गोळी अर्ध्यावर अडणार हे उघड आहे. तो थर मऊ ठेवणे, गोळी जाताना तो पुसून नेणे आणि शिसे नळीला चिकटू न देणे, ही तिन्ही कामे वंगणाची. वंगणाविना या रायफलीतून थोड्याच बारांनंतर नवी गोळी ठासणे कठीण होई. तेव्हा चरबीचा लेप हा कोणाच्या खोडसाळपणातून निघाला नव्हता, एवढे प्रथम मान्य करावे लागते.

काडतुसाची रचना

या संदर्भात एक तपशील बहुधा सुटतो. एन्फील्डचे काडतूस म्हणजे कागदाची नळकांडी. तिच्या एका टोकास दारू व दुसऱ्या टोकास गोळी असे. शिपाई दारूकडचे पिळलेले टोक दाताने तोडी, दारू नळीत ओती, काडतूस उलटे करून गोळीकडचे टोक नळीच्या तोंडात बसवी, वरचा रिकामा कागद फाडून टाकी आणि मग गज वापरून गोळी ठाशी. गोळीभोवतीचा कागद तिच्याबरोबरच आत जाई. वंगण लावलेले असे ते याच कागदावर, बाहेरून, गोळीच्या बाजूस. म्हणजे दातांनी तोडण्याचे टोक व वंगणाचे टोक ही दोन वेगळी टोके होत.

एवढ्यावरून शिपायांची हरकत निराधार ठरते काय? काही इंग्रज लेखकांनी तसे सुचविले आहे. पण ते टिकणारे नाही. ही काडतुसे एका गठ्ठ्यात बांधून, उन्हात, अंगावरच्या पेटीत वागवली जात. उत्तर हिंदुस्थानातील उन्हाळ्यात चरबी पातळ होऊन कागदभर पसरणे स्वाभाविक होते. शिवाय विटाळाची कल्पना जिभेपुरती मर्यादित नाही. स्पर्श पुरेसा असतो.

१८५३ चा इशारा

नव्या काडतुसांचा पहिला साठा हिंदुस्थानात आला तो १८५३ मध्ये, आणि तो वापरासाठी नव्हे तर येथील हवेत वंगण टिकते की नाही हे पाहण्यासाठी. पहाऱ्यावरच्या शिपायांच्या पेट्यांतून ती काडतुसे महिनोन्‌महिने वागविण्यात आली. त्या वेळी बंगाल लष्कराचे अ‍ॅडज्युटंट जनरल असलेल्या कर्नल हेन्री टकर यांनी डिसेंबर १८५३ मध्ये मिलिटरी बोर्डाला लेखी कळविले की, या वंगणात जातिधर्माला बाधक असे काही नाही याची खात्री पटल्याशिवाय ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. इशारा स्पष्ट होता आणि तो वेळेवर, म्हणजे तीन वर्षे आधी, दिलेला होता. त्यावर कार्यवाही झाली नाही. तपासणी झाली ती वंगण वितळते का, कागद कुजतो का याची. वंगण कशाचे आहे हा प्रश्न तपासणीच्या कक्षेतच आला नाही. पुढच्या सर्व घटनांचे मूळ बहुधा या एका वगळण्यात शोधावे लागेल.

डमडम, जानेवारी १८५७

१८५६ च्या अखेरीस कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममधील शस्त्रागारात काडतुसे तयार होऊ लागली आणि डमडम, अंबाला व सियालकोट येथे नव्या रायफलीच्या शिक्षणाची केंद्रे उघडण्यात आली. जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथील एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितले व नकार मिळताच, आता तुम्हांला गाईची व डुकराची चरबी दाताने तोडावी लागणार आहे, असे सुनावले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. कॅप्टन राइट यांनी २२ जानेवारीस ती वरिष्ठांना कळविली. त्यानंतर संचलनात हरकत विचारली असता, बहुसंख्य शिपाई पुढे आले आणि त्यांनी चरबीऐवजी मेण व तेल वापरावे अशी सूचना केली. ही सूचना महत्त्वाची आहे. शिपाई रायफल नाकारत नव्हते, वंगणाची गरजही नाकारत नव्हते. ते तांत्रिकदृष्ट्या चालण्याजोगा पर्याय सांगत होते.

सरकारने २७ जानेवारीच्या आदेशाने तो स्वीकारला. यापुढे काडतुसे वंगणाविना द्यावीत व शिपायांनी बाजारातून हवे ते जिन्नस आणून स्वतः वंगण करावे, असे ठरले. त्याच सुमारास शस्त्रविभागाचे इन्स्पेक्टर जनरल कर्नल अ‍ॅबट यांच्याकडे विचारणा झाली. मिश्रणात टॅलो, म्हणजे जनावरांची वितळविलेली चरबी, होती. आक्षेपार्ह चरबी त्यात येऊ नये म्हणून विशेष दक्षता घेतल्याचे मात्र आढळत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. चरबी कोणत्या जनावराची, हे निश्चितपणे सांगता येत नव्हते. दुसरीकडे अ‍ॅडज्युटंट जनरलच्या कार्यालयातून असे कळविण्यात आले की, देशी शिपाई मेंढीची चरबी व मेण लावलेली काडतुसे कित्येक वर्षे वापरीत आहेत. तेव्हा आता नवा हुकूम जाहीर केल्यास उलट संशयच वाढेल.

ही उत्तरे शेजारी ठेवून वाचली म्हणजे सरकारची अडचण ध्यानात येते. एक अधिकारी म्हणतो, चरबी कोणती ते सांगता येत नाही. दुसरा म्हणतो, बोलूच नये. शिपायांचा प्रश्न साधा होता: हे कशाचे आहे? ज्या कारखान्याने वस्तू बनविली, त्याच्याच प्रमुखाला त्याचे उत्तर देता येत नव्हते. अशा स्थितीत शिपायांच्या समजुतीला 'अफवा' वा 'अंधश्रद्धा' म्हणणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार व्हावयास हवा.

वंगणाकडून कागदाकडे

वंगणाचा प्रश्न सुटला असे वाटत असतानाच संशय कागदावर सरकला. ६ फेब्रुवारीस बराकपूर येथे झालेल्या चौकशीत शिपायांनी सांगितले की, नवा कागद जुन्यासारखा नाही. त्यावर चकाकी आहे, तो मेणकापडासारखा फाटतो आणि जाळला असता चरचरतो. हे निरीक्षण डोळस माणसांचे आहे. कागद खरोखरच वेगळा होता. लहान व्यासाच्या काडतुसासाठी तो इंग्लंडहून मागविलेला, पातळ व गुळगुळीत असा होता. सरकारी रसायन-परीक्षकाने तो तपासून त्यात स्निग्ध पदार्थ नसल्याचा निर्वाळा दिला. (इंग्लंडात त्या काळी चांगल्या कागदाला जनावरांच्या कातड्यापासून केलेली सरस देण्याची प्रथा सर्रास होती. या विशिष्ट कागदाविषयी त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण स्निग्ध पदार्थाची चाचणी सरसाविषयी काही सांगूही शकत नाही.)

यानंतर घटना झपाट्याने घडल्या. २६ फेब्रुवारीस बहरामपूर येथे १९ व्या पलटणीने आघाती टोप्या घेण्यास नकार दिला. ३१ मार्चला ती पलटण बरखास्त झाली. तत्पूर्वी २९ मार्चला बराकपूर येथे ३४ व्या पलटणीतील मंगल पांडे यांचा प्रसंग घडला. मार्चमध्येच काडतूस दाताऐवजी हाताने तोडण्याची मुभा देण्यात आली. २४ एप्रिलला मीरत येथे तिसऱ्या घोडदळाच्या ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बहरामपूर व मीरत या दोन्ही ठिकाणी पुढे केलेली काडतुसे जुन्याच पद्धतीची होती. एन्फील्डचे वंगण त्यांना लागलेले नव्हते. तोवर वस्तूवरचा अविश्वास ती देणाऱ्यावर पोहोचला होता. १८५८ मध्ये बहादुरशहावरील खटल्यात, बंडवाल्यांनी हीच काडतुसे आमच्याविरुद्ध खुशाल वापरली, असा मुद्दा सरकारी पक्षाने मांडला. त्यातून शिपायांचा ढोंगीपणा सिद्ध करण्याचा हेतू होता. पण ज्यांच्या हातून काडतूस घ्यावयाचे, त्यांच्यावरचा विश्वास हाच वादाचा विषय असेल, तर त्या मुद्द्याचे बळ बरेच कमी होते.

ही हकीकत महाराष्ट्रात पोहोचली ती लोकमुखातून. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि उठावात सापडले. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास' या वृत्तांतात काडतुसांची कथा आहे, आणि तिच्याबरोबरच हिंदूंचा धर्म बुडविण्यासाठी इंग्रजांनी केलेल्या चौऱ्याऐंशी कलमांचीही. भिक्षुकीसाठी निघालेल्या गृहस्थाला वंगणाचे रसायन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्यापर्यंत पोहोचला तो हेतूचा आरोप.

इतिहासलेखनातील प्रतिपादन

जॉर्ज फॉरेस्ट यांनी १८९३ पासून सरकारी कागदपत्रांचे वेचे प्रसिद्ध केले. त्यांच्या आधारे लॉर्ड रॉबर्ट्‌स यांनी १८९७ मधील आपल्या आत्मचरित्रात, वंगणात गाईची व डुकराची चरबी प्रत्यक्ष होतीच, असे निःसंदिग्धपणे लिहिले. एका इंग्रज सेनानीची ही कबुली म्हणून आपल्याकडील लेखनात ती वारंवार उद्धृत होते. परंतु अ‍ॅबट यांच्या उत्तराचा आशय पाहता रॉबर्ट्‌स पुराव्याच्या पुढे गेले असे म्हणावे लागते. त्या उत्तरावरून सिद्ध होते ते इतकेच की, टॅलो वापरला गेला आणि तो कोणत्या जनावराचा आहे याची निश्चिती कोणी केली नाही. अर्थात टॅलो हा शब्द प्रामुख्याने गुरामेंढरांच्या चरबीला लावतात, हे पाहता गाईच्या चरबीची शक्यता बरीच मोठी होती. डुकराच्या चरबीविषयी तितक्या खात्रीने बोलता येत नाही. सावरकरांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात काडतुसांना गौण स्थान देऊन स्वधर्म व स्वराज्य यांवर भर दिला. त्यांच्या मांडणीतील राजकीय हेतू उघड आहे. मात्र मीरतची काडतुसे जुनीच होती ही वस्तुस्थिती त्यांच्या मताला काही अंशी पुष्टीच देते.

वंगणाची तांत्रिक कथा मात्र १८५७ मध्ये संपत नाही. उठावाच्या धामधुमीत खुद्द गोऱ्या पलटणींनाही हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात या काडतुसांनी दगा दिला. चरबी वितळून कागदातून निघून जाई आणि कोरडी गोळी मळलेल्या नळीत अडकून बसे. साठवणीत चरबीतील आम्लांची शिशावर क्रिया होऊन गोळीचा पृष्ठभाग बिघडे, हा आणखी एक दोष. १८५९ च्या सुमारास इंग्लंडच्या लष्करी खात्याने गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५ इंचांवर आणला आणि वंगणातून चरबी काढून मधमाशांच्या मेणाचा अवलंब केला. डमडमच्या शिपायांनी जानेवारी १८५७ मध्ये मागितलेल्या जिन्नसांपैकी एक मेण हाच होता.