गाडीची पुढची काच : रबर की गोंद ?

आमच्या वडिलांच्या जुन्या पद्मिनीत पावसाळ्यात पायापाशी पाणी गळू लागले, तेव्हा एका गॅरेजवाल्याने पुढच्या काचेच्या रबराखाली सिलिकॉन भरून दिले. त्याला सिरक्यासारखा वास येई. दोन पावसाळ्यांनंतर काचेला कोपऱ्यातून तडा गेला. खोपटच्या एका वृद्ध मिस्त्रींनी काच उतरविली, तो खांबाच्या मुळाशी पत्रा बोटाने मोडत होता !

याचे कारण इतिहासात आहे. महायुद्धातील विलीज जीपची काच चौकटीसकट बॉनेटवर आडवी पाडता येई. सारा भार खालच्या चासीवर. काच फक्त वारा अडवी. इटलीत १९५३ साली आलेल्या फियाट ११००-१०३ ला मात्र वेगळी चासी नव्हती. तळ, खांब व छत मिळून झालेली पेटीच भार पेलते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीने हीच जातकुळी कुर्ल्यात घडविली. १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली.

तिची काच रबराच्या खाचेत जणू तरंगत असते. खड्ड्यात गाडी पिळवटली तरी रबर ती ओढ गिळते, काचेपर्यंत पोचू देत नाही. म्हणजेच काच सांगाड्याला आधार देत नाही. खांबांनाच सारे सोसावे लागते. खांब गंजला की गाडीचा कणाच गेला म्हणा. आधुनिक गाडीत उलट आहे. तेथे काच खास पॉलियुरेथेनने चौकटीला चिकटविलेली असते, ती पिळाला विरोध करते आणि गाडी उलटल्यास छताला हातभार लावते. असे काम बेपर्वाईने झाले तर जिवावर बेतते.

पण आधुनिक उपाय जुन्या गाडीला लावला की फसगत होते. रबराची लवचिकता गेली, पाणी आत कोंडले, आणि त्या सिलिकॉनमधून सुटणारे ॲसेटिक आम्ल (सिरक्यातले तेच !) पत्र्याला खात राहिले. मोटार-मेकॅनिकचा अभ्यास करणाऱ्या आमच्या मुलांनी हा वास ओळखायला शिकावे.

मिस्त्रींनी गंजका भाग कापून नवा पत्रा जोडला. मग नव्या रबराच्या खाचेत सुतळी घालून, साबणाचे पाणी लावून, बाहेरून माझ्याकडून काच दाबून धरविली व स्वतः आत बसून सुतळी हळूहळू ओढली. रबराची कड चौकटीवर आपोआप चढत गेली. “काचेला जोर नको बेटा, वाट द्या,” एवढेच ते म्हणाले.

मुंबईतील पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेल्या. वडिलांची गाडी अजून कोरडी आहे.