वापरलेली सुई: टोचू नये म्हणून काय करावे आणि टोचलीच तर काय करावे

घरात कुणाला मधुमेह असेल तर दिवसाला एक-दोन, कधी चार सुया वापरल्या जातात. इन्सुलिन घेऊन झाले की सुईला टोपण लावायचे, कागदात गुंडाळायचे आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, असे पुष्कळ घरांत चालते. आपल्या दृष्टीने काम संपलेले असते, पण ती सुई पुढे प्रवास करते. घरकामाला येणाऱ्या ताई डब्यातला कचरा दाबून पिशवीला गाठ मारतात, घंटागाडीवरचा कामगार ती पिशवी उचलतो, पुढे कुणीतरी हाताने कचरा वेगळा करतो. यांपैकी कुणालाही ती सुई टोचू शकते. ती कुणी वापरली होती आणि त्या व्यक्तीला कोणता आजार होता, हे टोचलेल्या माणसाला कळायला काहीच मार्ग नसतो.

रुग्णालयात परिचारिका, लॅब टेक्निशियन आणि सफाई कर्मचारी यांना हा धोका रोजचाच असतो. त्यासाठी तिथे ठरलेले नियम आहेत. घरात मात्र हे नियम आपणच पाळायचे असतात. एवढेच लक्षात ठेवा: सुई जाड, बंद डब्यात पडेपर्यंत ती वापरणाऱ्याची जबाबदारी असते.

आत्ताच सुई टोचली असेल तर आधी हे करा

१. जखम वाहत्या पाण्याखाली धरा आणि साध्या साबणाने धुवा.
२. बोट तोंडात घालू नका. टोचल्यावर हात आपोआप तोंडाकडे जातो, पण ते टाळा.
३. दाबून, पिळून रक्त काढू नका. त्याने संसर्ग टळत नाही, उलट जखम वाढते.
४. ब्लीच, स्पिरिट, आयोडीन किंवा हळद लावू नका. साबण आणि पाणी पुरेसे आहे.
५. रक्त डोळ्यात उडाले असेल तर डोळा स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुऊन झाल्यावर काढा आणि पुन्हा डोळा धुवा. तोंडात गेले असेल तर थुंकून टाका आणि अनेक वेळा चूळ भरा.
६. सुई दुसऱ्या कुणाची असेल किंवा कुणाची ते माहीत नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा. उद्यावर टाकू नका.

धोका नेमका कशाचा असतो?

वापरलेल्या सुईच्या पोकळीत थोडे रक्त राहू शकते. त्यातून प्रामुख्याने तीन विषाणू पसरतात: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. तिन्हींचा धोका सारखा नाही.

*हिपॅटायटिस बी.* बाधित व्यक्तीला वापरलेली सुई लस न घेतलेल्या १०० जणांना टोचली, तर साधारण ६ ते ३० जणांना संसर्ग होऊ शकतो. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस टिकू शकतो. दिलासा एवढाच की याच्यावर अत्यंत परिणामकारक लस आहे.

*हिपॅटायटिस सी.* यात धोका १०० मध्ये सुमारे २ किंवा त्याहून कमी असतो. याची लस नाही आणि टोचल्यानंतर घ्यायचे प्रतिबंधक औषधही नाही. पण संसर्ग झालाच तर गोळ्यांनी तो बहुतेकांमध्ये पूर्ण बरा होतो. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हे उपचार मोफत मिळतात.

*एचआयव्ही.* बाधित रक्ताची सुई टोचल्यावर धोका १००० मध्ये सुमारे ३ असतो. म्हणजे बहुतेकांना संसर्ग होत नाही. वेळेत औषध घेतले तर हा धोकाही खूप कमी होतो.

सुई किती खोल गेली, ती पोकळ होती का, तिच्यावर रक्त दिसत होते का आणि ती आधी कुणाला वापरली होती, यावर तुमचा नेमका धोका ठरतो. म्हणून घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही करू नका.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होते?

डॉक्टर आधी सगळी हकीकत विचारतील. सुई कुणाची होती हे माहीत असेल तर त्या व्यक्तीची संमती घेऊन तिची रक्ततपासणी करता येते. तुमचीही तपासणी होते. ती आत्ताची स्थिती नोंदवण्यासाठी असते. आज टोचलेल्या सुईचा परिणाम आजच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही.

एचआयव्हीचा धोका वाटल्यास प्रतिबंधक औषध सुरू करतात. त्याला पीईपी म्हणतात. हे औषध शक्यतो पहिल्या २ तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवे. ७२ तास उलटल्यावर त्याचा उपयोग होत नाही. सहसा तीन औषधे एकाच गोळीत असतात आणि ती गोळी रोज एकदा अशी २८ दिवस घ्यायची असते. रिपोर्टची वाट पाहत औषध लांबवत नाहीत. आधी सुरू करतात, गरज नाही असे ठरले तर थांबवतात. मळमळ किंवा थकवा वाटला तरी स्वतःहून गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना सांगा.

हिपॅटायटिस बी साठी तुमचे लसीकरण झाले आहे का, हे पाहतात. लस घेतलेली नसेल तर पहिला डोस लगेच देतात. गरज असल्यास तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे, इंजेक्शनही देतात. तेही शक्यतो २४ तासांच्या आत दिलेले चांगले. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा झाले हेही विचारतील, पण फक्त ‘टीटी’ घेऊन घरी परतू नका. त्याचा या तीन विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही.

पुढे साधारण ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी फेरतपासणी सांगितली जाते. तोपर्यंत रक्तदान करू नका आणि शरीरसंबंधात कंडोम वापरा. तुम्ही गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर पहिल्याच भेटीत तसे सांगा.

कुठे जावे ते सुचत नसेल तर जवळचे जिल्हा रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा एआरटी केंद्र गाठा. रात्रीची वेळ असेल तर तिथल्या अपघात विभागात जा. माहितीसाठी राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १०९७ आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तपासणीसाठी तुमची संमती लागते आणि तिचा निकाल गुप्त ठेवला जातो.

घरात सुई टोचू नये म्हणून

• सुई वापरून झाली की ती लगेच डब्यात जायला हवी. ‘नंतर टाकू’ म्हणून ती टेबलावर, उशीजवळ किंवा फ्रिजच्या दारात ठेवू नका.
• तुम्ही दुसऱ्याला इंजेक्शन देत असाल तर सिरिंजच्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. बोटाला सुई टोचण्याची भीती त्याच वेळी जास्त असते.
• इन्सुलिन पेनची सुई काढण्यासाठी बाहेरचे मोठे टोपण टेबलावर ठेवा. एका हाताने पेन धरून सुई त्या टोपणात घाला, मग फिरवून काढा. दुसऱ्या हाताने टोपण धरू नका.
• सुई हाताने वाकवू किंवा मोडू नका.
• इन्सुलिन पेन, सिरिंज किंवा साखर तपासण्याची लान्सेट एकाची दुसऱ्याने वापरू नये, नवरा-बायकोनेही नाही. पेनची सुई बदलली तरी आतल्या काडतुसात आधीच्या व्यक्तीचे रक्त गेलेले असू शकते.
• लहान मुलांचा हात पोहोचेल तिथे डबा ठेवू नका.

सुयांचा डबा कसा असावा?

रुग्णालयात २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया आणि ब्लेड वेगळ्या, भोक न पडणाऱ्या, न गळणाऱ्या डब्यात टाकतात. घरी औषधाच्या दुकानात मिळणारा सुयांचा डबा वापरता येतो. तो नसेल तर फिरकीच्या झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली चालते. कपडे धुण्याच्या लिक्विडची रिकामी बाटली त्यासाठी चांगली. मिनरल वॉटरची पातळ बाटली, काचेची बरणी, पुठ्ठ्याचा खोका किंवा कॅरीबॅग वापरू नका.

बाटलीवर ठळक अक्षरांत लिहा: ‘वापरलेल्या सुया. उघडू नये.’ पाऊण भरली की झाकण घट्ट लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळा. ठासून भरायला जाऊ नका.

ही बाटली सुक्या कचऱ्यात टाकू नका. प्लास्टिकला भंगारात किंमत येते, त्यामुळे ती कुणीतरी उघडण्याची किंवा कापण्याची शक्यता असते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज ‘घरगुती घातक कचरा’ ठरवल्या होत्या आणि असा कचरा वेगळा द्यायचा असतो. तुमच्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला तो कुठे स्वीकारतात ते विचारा. तुम्ही नेहमी जाता तो दवाखाना, रुग्णालय किंवा लॅब अशी बंद बाटली घेते का, तेही विचारून ठेवा. कचरा नेणाऱ्यांच्या हाती ती द्यावीच लागली, तर आत सुया आहेत असे तोंडी सांगून वेगळी द्या.

रुग्णालयात नातेवाइकांनी घ्यायची काळजी

• सिस्टर सुई लावत असताना रुग्णाचा हात अचानक ओढू नका. बाळ किंवा गोंधळलेले वयस्कर रुग्ण असतील तर कसे धरायचे ते सिस्टरना आधी विचारा.
• त्या वेळी त्यांच्याशी बोलू नका, मागून हाकही मारू नका.
• पलंगावर किंवा जमिनीवर सुई दिसली तर उचलू नका. तिथे थांबा आणि कर्मचाऱ्यांना बोलवा.
• सलाईनची सुई स्वतः काढू नका.
• रुग्णाला हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही असेल तर डॉक्टरांना खाजगीत सांगा. उपचार ठरवताना ते उपयोगी पडते आणि कुणाला सुई टोचली तर योग्य औषध लवकर देता येते.

तुमच्या घरातील कुणी आरोग्यसेवेत काम करत असेल तर

सुई टोचली की वरिष्ठ रागावतील, आपलीच चूक काढतील, या भीतीने काही जण ती गोष्ट घरीही सांगत नाहीत. वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी आणि घरी रुग्ण सांभाळणाऱ्या ताईंच्या बाबतीत असे जास्त होऊ शकते, कारण नोकरी जाण्याची धास्ती असते. घरच्यांनी त्यांना धीर द्यावा. त्याच दिवशी नोंद करायला आणि औषध घ्यायला पाठवावे. अशी नोंद हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे, चुकीची कबुली नव्हे.

हिपॅटायटिस बी ची लस आधीच घेतलेली असावी. तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे तपासतात. १० किंवा त्याहून जास्त पातळी आली तर संरक्षण मिळाले असे समजतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*माझीच सुई मलाच टोचली तर?*
तुम्ही एकट्यानेच वापरलेली असेल तर त्यातून दुसऱ्याचा संसर्ग होण्याचा प्रश्न नाही. साबण-पाण्याने धुवा. लाली, सूज किंवा पू दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

*मैदानात खेळताना मुलाला पडलेली सुई टोचली. एचआयव्ही होईल का?*
अशा उघड्यावर पडलेल्या सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता अतिशय कमी असते, कारण शरीराबाहेर हा विषाणू लवकर निष्प्रभ होतो. तरीही जखम धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि मुलाचे लसीकरण कार्ड सोबत न्या. त्यावर हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताचे डोस झाले आहेत का, हे सर्वांत आधी पाहिले जाते. मुलाला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

*घरकाम करणाऱ्या ताईंना आमच्या डब्यातली सुई टोचली. काय करावे?*
जखम धुवायला सांगा आणि त्यांना स्वतः डॉक्टरांकडे घेऊन जा. सुई ज्यांची होती त्यांनीही रक्त तपासून घेण्याची तयारी दाखवावी. त्या रिपोर्टवर ताईंना २८ दिवसांच्या गोळ्या घ्याव्या लागतील की नाही हे बऱ्याच अंशी ठरते. आणि सुयांसाठी जाड बाटली त्याच दिवशी घरात ठेवा.